चार पाखरांची ओळ

याकूबचाचा गालिचा कधी सरळ बघत नसत. कितीही भारी गालिचा त्यांच्यापुढे अंथरा, ते आधी पायातल्या चपला काढत, कोपरा धरून गालिचा उलटा करत आणि उकिडवे बसून त्याच्या पाठीवरून तळहात फिरवत राहत. मालक शेजारी उभा राहून "रंग बघा, चमक बघा" करत असला तरी ते त्यांच्या कानावर पडत नसे. पाठ पुरती तपासून झाली की मग समोरच्या बाजूवर एक नजर, तीही नाइलाजानं टाकल्यासारखी. "तोंड काय बघायचा," ते म्हणत, "तोंड सगल्यांचाच गोड असतो. पाठ बघावी. हात कुठं थांबलाय, लोकर कुठं संपलीय, बाई कुठं कंटाललीय, सगला पाठीवर असतो."

माझी अलिबागला लाँड्री आहे. वडिलांच्या वेळी तिथं वकिलांचे काळे कोट आणि कचेरीतल्या साहेबांच्या पँटी यायच्या. आता मुंबईकरांच्या बंगल्यांतून पडदे येतात, सोफ्याची कव्हरं येतात आणि गालिचे येतात. नागावच्या एका बंगल्यातल्या कुत्र्यानं गालिच्याचा कोपरा खाल्ला, तिथून ही ओळख सुरू झाली. बंगल्याच्या बाईंनी गालिचा माझ्याकडे धुवायला दिला, "त्या कोपऱ्याचंही काहीतरी बघा" म्हणाल्या आणि मुंबईची रो-रो बोट गाठायला निघून गेल्या. मी "बघतो" म्हणालो. कुणी काही सांगितलं की "बघतो" म्हणून मोकळं व्हायची मला जुनी खोड आहे. घरात माझ्या "बघतो"ला कोणी भीक घालत नाही, पण गिऱ्हाईक फसतं.

अलिबागच्या शिंप्यांनी त्या कोपऱ्याला हात लावायला नकार दिला. शेवटी मुरुडच्या एका टेंपोवाल्यानं सांगितलं, "आगरदांड्याच्या अलीकडे एक म्हातारा हाय. गल्फमधून आलाय. तो शिवून देल, मंग कुठं फाटला होता ते तुमाला हुडकून सापडायचा न्हाय." मी गालिचा टेंपोत टाकला आणि गेलो. खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर कौलारू घर, मागच्या पडवीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांची चळत आणि त्या चळतीसमोर लुंगी-बनियनवर बसलेले चाचा. माझा चेहराही त्यांनी नीट पाहिला नाही. गालिचा उलटा केला, हात फिरवला आणि म्हणाले, "दोघींनी विनलाय. एक उतावली, एक दमानं घेनारी. हितपर्यंत उतावली. मंग तिचा लगीन झाला."

मी म्हटलं, लग्न झालं हे कशावरून? त्यांनी गालिचा सुलटा करून काठावरची एक छोटी लोंबती आकृती दाखवली. "हा कानातला. पोरगी बापाला तोंडानं सांगू शकत न्हाय, आता माजा लगीन करा म्हनून. मंग ती कानातला विनते. बाप बघतो आणि समजतो. हे बघ, हितं एक, हितं दुसरा, हितं तर तीन एका रांगेत. घाई झालेली तिला. आनि हितनं पुढं एक पन न्हाय, हातपन दुसरा." मग ते स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "बाप शाना व्हता. आमच्याकडं पोरी मोबाइलवर सांगतात, तरी बापाला कलत न्हाय."

त्या बिस्किटांच्या डब्यांत लोकर होती. एका डब्यात लाल, दुसऱ्यात गडद निळी, तिसऱ्यात हाडासारखी पांढरी. एकोणिसाव्या वर्षी चाचा गावातल्या इतर पोरांसारखे आखातात गेले होते. बाकीचे बांधकामावर नाहीतर बोटीवर लागले, हे एका गालिच्यांच्या दुकानात मागच्या खोलीत झाडू मारायला लागले. तिथं एक म्हातारा इराणी उस्ताद फाटलेले गालिचे जोडत बसायचा. त्याला झाडूवाल्याचा हात आवडला. पुढे एकतीस वर्षं चाचांनी त्याच खोलीत काढली आणि गाठी मारायला शिकता शिकता खुणाही वाचायला शिकले. मेंढ्याचं शिंग म्हणजे पुरुषाची ताकद, फणी म्हणजे लग्न, तांब्या म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायचं, वजूचं पाणी, डोळा म्हणजे नजर लागू नये म्हणून. "मी तो डोंगर बघितला न्हाय, ती मेंढी बघितली न्हाय, ती बाई तर न्हायच न्हाय," ते सांगत. "मी फकत त्यांचा फाटलेला बघितला. पन मानूस फाटल्यावरच कलतो."

कोपरा असा जोडला होता की नागावच्या बाई पंधरा मिनिटं शोधत होत्या. मग त्यांचा लोभ वाढला. पुढच्याच महिन्यात घरी पाहुणे जमवून त्यांनी चाचांना बोलावलं. सगळ्यांसमोर गालिच्यांचे अर्थ सांगायचे, असा बेत होता. मीही गेलो, कारण न्यायला-आणायला टेंपो माझाच. चाचांनी रिवाजाप्रमाणे दारात चपला काढल्या आणि पाहुण्यांच्या पायांखालून गालिचा ओढून उलटा केला. नागमोडी पट्टी दाखवून म्हणाले, "हा वाहता पानी. कोरड्या मुलखातली मानसं, त्यांना पानी दिसत न्हाय म्हनून विनतात. आपल्या कोकनातल्या मानसानं विनला असता तर पान्याला दार लावला असता." पाहुणे खूश झाले.

मग झोपायच्या खोलीतला गालिचा आणला गेला. त्यातल्या काळ्या आकृत्या म्हणजे विंचू, असं कळल्यावर बाई सोफ्यावरून उठल्याच. म्हणाल्या, हे काढून दुसरं काहीतरी घालून द्या, फूल वगैरे. चाचा शांतपणे म्हणाले, "घालतो की. पन जिनं आपल्या लेकराच्या अंथरुनाखाली विंचू येऊ नये म्हनून हा राखनीला ठेवला, तिला काय सांगू?"  एका पाहुण्यानं विचारलं, विणणारे मुद्दाम एक चूक ठेवतात म्हणे, देवाच्या मानासाठी, खरं का? "असा दुकानदार सांगतो," चाचा म्हणाले. "मानूस मुद्दाम कशाला चुकंल, शेट? चुकायला मुद्दाम लागत न्हाय."

परतीच्या वाटेवर, काशीदचा घाट चढताना मी सहज विचारलं, चाचा, तुम्ही कधी चुकलात का?   मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

तिकडे लागून त्यांना तीन-चार वर्षं झाली होती. हात बसला होता आणि मानही जरा ताठ झाली होती. एक बाई गालिचा घेऊन आली. मध्ये कसरीनं खाल्लेलं भोक, आणि भोकाला लागून छोट्या पाखरांची एक ओळ. सगळ्या पाखरांची डोकी वर, फक्त एकाचं खाली. उस्ताद त्या आठवड्यात आजारी होता. चाचांना वाटलं, विणणारीचा हात चुकला असेल. भोक भरता भरता त्यांनी ते पाखरू उसवलं आणि त्याच लोकरीनं सुलटं विणलं. काम इतकं साफ झालं की ते स्वतःवरच खूश होते. बाई आली. तिनं ओळीवरून बोट फिरवलं, पाखरं मोजली, पुन्हा मोजली आणि विचारलं, तो कुठं गेला? तिच्या आईनं प्रत्येक लेकराचं एक पाखरू विणलं होतं. एक मुलगा लहानपणी वारला, त्याचं तेवढं खाली डोकं. त्या घरातली मेलेल्याची खूण तीच होती.

"ती भांडली न्हाय, रडली न्हाय," चाचा म्हणाले. "घडी केलान आनि गेली. मी उस्तादला बोललो, परत उलटा करून देतो. उस्ताद बोलला, आता करशील तो तुझा उलटा. तिच्या आईचा गेला."  घरापाशी उतरताना ते एवढंच म्हणाले, "शिंग, फनी, तांब्या, हे सगल्यांच्यात एकच. पन एकेक खून एका घराचीच असते. त्या घरात इचारल्याबिगर हात लावू नये."

त्यांचा मुलगा साजिद मी दोनदाच पाहिला. उंच, हसरा, सतत मोबाइलवर. आखातात एका टगवर, मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला होता. बापाच्या कामाची तो थट्टा करायचा. "अब्बा आमचे लोकांची पायपुसनी जोडतात, आनि त्यांना वाटतं कुरान लिवतात," असं माझ्यासमोर म्हणाला होता, आणि चाचा पोट धरून हसले होते. चाचांच्या बायकोचा, हमीदाचाचींचा, तर तो जीव की प्राण. थोरली मुलगी नसीम लग्न होऊन पनवेलला होती. साजिदसाठी मुलगी बघणं चाललं होतं.

त्या वर्षी वादळात त्याची टग उलटली. काही माणसं वाचली, काहींची प्रेतं मिळाली. साजिद दोन्हींत नव्हता. कंपनीच्या पत्रात बेपत्ता असं लिहिलं होतं. दोन महिन्यांनी वाचलेल्यांपैकी श्रीवर्धनकडचा एक खलाशी दिघीहून फेरीनं खाडी ओलांडून आला. घरी यायचा त्याला धीर झाला नाही, चाचांना त्यानं आगरदांड्याच्या धक्क्यावर बोलावलं. साजिदनं त्याचा हात धरला होता, मग तो सुटला आणि साजिद त्याच्या डोळ्यांदेखत खाली गेला, एवढं सांगून तो आल्या फेरीनं परत गेला.

चाचांनी घरी येऊन चाचींना सगळं सांगितलं. चाची तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "तो सोता बुडत व्हता, त्याला काय दिसला असंल," म्हणाल्या. "कंपनीचा मोठा सायब मयत बोलत न्हाय, आनि हा कोन बोलनारा?" त्या दिवसापासून चाचींचं एकच चाललं. साजिदचा इकडचा मोबाइल नंबर चालू राहिला पाहिजे. मी गेलो की त्या न चुकता म्हणत, "दिनूभाव, तेवढा रिचार्ज मारा. नंबर बंद पडला तर पोरानं फोन कुठं करायचा?" आणि मी तिथंच, पडवीत उभा राहून, माझ्या मोबाइलवरून मारत असे. चाचा माझ्याकडे बघत नसत.

कबर नाही, जनाजा नाही. मौलवी म्हणाले, बाप खात्रीनं सांगत असेल तर कबरीशिवायही नमाज पढता येते, पण घरात एकमत करा. चाचींनी निरोप पाठवला, माझ्या जित्या पोरावर नमाज पढलात तर मी ह्या घरात राहायची नाही. मग कोणी विषय काढला नाही. एकदा चाचा मला म्हणाले, "मला रडायचाय, दिनूशेट. पन रडलो का ती बोलते, अपशकुन करू नका. मी कुठं रडू? संडासात रडतो." हे सांगतानाही हातातली सुई थांबली नव्हती.  मी म्हटलं, चहा घेऊया.

त्यानंतर त्यांनी माग उभा केला. एक जुनी होडी मोडायला काढली होती, तिच्या फळ्या आणल्या, सुताराकडून चौकट ठोकून घेतली आणि मागच्या पडवीत भिंतीला टेकवून उभी केली. जन्मात त्यांनी अख्खा गालिचा कधी विणला नव्हता. एकतीस वर्षं तिकडे आणि पुढे इकडे, फक्त जोडकाम. "दुसऱ्यांच्या घरातली मानसं लय जोडली," ते म्हणाले. "आता एक आपल्या घराचा करतो." लोकर त्या डब्यांतलीच, कुणाकुणाच्या गालिच्यांतून उरलेली. चारी काठांना वाहतं पाणी काढलं. त्याच्या आत फण्या, त्याच्या आत डोळे. रोज सकाळी चार बोटं पुढे सरकत. चाचींनाही बरं वाटलं. म्हातारा कामाला लागला, जेवायला लागला.

मध्यावर पाखरांची ओळ यायची होती. चार पाखरं. घरातल्या चौघांची. त्या परक्या बाईच्या घरातली खूण चाचांनी आपल्या घरात घेतली होती. तिची गोष्ट चाचींनाही ठाऊक होती, लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत चाचांनीच ती सांगितली होती. विणकाम त्या ओळीपर्यंत आलं त्या दिवशी चाची मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साजिदचा सुलटा घाला." चाचा "हां" म्हणाले. मग त्यांचा हात उठेना. सुलटं घातलं तर पोराचं मरण कुठंच लिहिलं जाणार नव्हतं. उलटं घातलं तर बायको त्याच क्षणी घर सोडणार होती, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी होती.

माग तसाच राहिला. दोन पावसाळे गेले. ताण्याच्या उभ्या दोऱ्यांवर कोळ्यांनी जाळी केली, ती चाचा रोज सकाळी फडक्यानं पुसत आणि लोकांचे गालिचे जोडायला बसत. मी जाईन तेव्हा विणकाम तिथंच, ओळीच्या तोंडाशी, आणि वर मोकळे दोरे. मी मूर्खासारखं एकदा सुचवलं, चाचा, आडवं घाला, म्हणजे हेही नाही आणि तेही नाही. ते खूप दिवसांनी हसले. "आडवा पाखरू म्हंजे आजारी. मंग ती डागतर शोधंल." मग हसू ओसरलं आणि म्हणाले, "तिला हक हाय, दिनूशेट. वाट बघायचा. पन पोराला पन हक हाय ना, मेला असायचा? त्याच्या नावानं कोनी हात वर करत न्हाय. तो तिकडं बिनानावाचा पडलाय."

एक दिवस त्यांचाच फोन आला, येऊन जा. गेलो तर ओळ पुरी झालेली. चार पाखरं, एकाच रंगाची, एकाच मापाची, आणि तिसरं डोकं खाली करून.  तेवढ्यात चाची चहा घेऊन आल्या आणि चक्क हसत होत्या. "बघितलात? म्हाताऱ्यानं सोतालाच उलटा टांगलान. बोलतो, माजे आता किती दिस राहिलेत, उगा मागनं कोन करनार." चाचा बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मला सोडायला म्हणून ते धक्क्यापर्यंत चालत आले. फेरी लागत होती, मोटारी उतरत होत्या. तिथं ते म्हणाले, "तिसरा साजिदचा हाय." मी म्हटलं, मला वाटलंच. "रंग एकच ठेवला, माप एकच ठेवला. कुठला कोन, ते माझ्याबिगर कोनाला कलायचा न्हाय. आता तुला कललाय. मी हाय तवर काय बोलू नको. मी गेलो का तिला सांग. माझ्या चालिसाव्याला, फातेहाच्या टायमाला सांग, म्हंजे मौलवी माझ्या नावाबरोबर त्याचा पन नाव घेतील. बापाच्या बोटाला धरून तरी जाईल बिचारा."

मी विचारलं, नसीमला का नाही सांगत? "नसीम आयशीच्या बाजूची. ती रडंल आनि गप बसंल. मी सांगितला तर हमीदानं ऐकला न्हाय. घरातल्यानं सांगितला का भांडान होतो, दिनूशेट. बाहेरच्यानं सांगितला का ती खबर असते." मी "सांगतो" म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात इतके खरखरीत होते की लोकर त्यांना अडकायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

गालिचा पुरा झाला आणि चाचा संपत चालले. साखर आधीपासूनच होती, आता मूत्रपिंडं गेली. शेवटचे दिवस अलिबागच्या एका दवाखान्यात होते, माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. मी दुपारी पेज घेऊन जायचो. डोळे जवळजवळ गेले होते. दवाखान्याची चादर ते उलटी करून बोटांनी चाचपत. "मशीनची हाय," म्हणत. "मुकी हाय. हिला कोनी काय सांगितलाच न्हाय." जाण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी पुन्हा विचारलं, "सांगशील ना?" मी पुन्हा "सांगतो" म्हटलं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. इतक्या गालिच्यांच्या पाठी वाचलेल्या माणसानं माझी पाठ एकदा तरी वाचायला हवी होती.

चाळिसाव्याला मी गेलो. आधीच्या चाळीस दिवसांत दोनदा जाऊन आलो होतो, पण घरात माणसं होती, चाची नवऱ्यामागच्या इद्दतीत होत्या, परक्या पुरुषासमोर येणार नव्हत्या. मी स्वतःला सांगत होतो, चाळिसाव्यालाच तर सांगायचंय. पुढच्या खोलीत पुरुष मंडळी बसली होती, मौलवीही आले होते. मी दारात चपला काढतोय तोच नसीम आली आणि मला बाहेरून वळसा घालून मागच्या पडवीत घेऊन गेली. माग काढून टाकला होता. तिथं जमिनीवर तो गालिचा अंथरला होता. स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडं होतं आणि त्याआड चाची होत्या. मला फक्त पांढऱ्या ओढणीची कड दिसत होती.

"दिनूभाव," चाची म्हणाल्या, "एक इचारायचा हाय. खरा सांगा. साजिदच्या अब्बानी मला सांगितलान, उलटा पाखरू माजा. मी मान हालवली. पन बेचालीस वर्सं मी त्या मानसाबरोबर काढली. सोतासाठी त्यानं कधी एक गाठ मारली न्हाय. तो सोताचा पाखरू उलटा कशाला घालंल?"

 नसीम खाली बघत होती.

"तुमाला धक्क्यावर घेऊन गेलेले. माघारी आले ते मोकले होऊन आले, मी बघितला ना. तुमाला काय तरी सांगितलाय."  "मौलवीसाब आत बसलेत. दुसरा नाव घ्यायचा असंल तर मी आज घेते. चार दिस झाले, मनाची तयारी केलीय. आज हाय ती उद्या राहायची न्हाय, मला म्हाईत हाय. तवा आताच सांगा. कोनाचा हाय तो?"

सांगायला यापेक्षा सोपी वेळ कुणाला मिळाली नसेल. समोर तोंड नव्हतं, डोळे नव्हते, नुसती एक फट होती. चाचांनी जे दोन वर्षं झुरून केलं ते मला एका शब्दात करायचं होतं. मी तिसऱ्या पाखराकडे बघितलं. दाराच्या कडेवर चाचींची बोटं होती. सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

"चाचांचंच," मी म्हणालो. "मलाही तसंच सांगितलं त्यांनी."

 दाराआडून एक मोठा श्वास आला. "अल्ला तेरा शुक्र," चाची म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम पूर्वीचा झाला, चहा विचारणारा. "मंग येतो माजा साजिद. मी उगाच मन खाल्ला. नसीम, मौलवीसाबांना सांग, नाव एकच हाय."

नसीमनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. ती आत गेली. मी खोटं बोललो ती दया नव्हती, हे मी तेव्हाही जाणून होतो. दाराआड एक बाई कोसळलेली मला ऐकायची नव्हती, एवढंच. त्यासाठी मी एका माणसाचं पोर दुसऱ्यांदा बुडू दिलं.

पुढच्या खोलीत दुवा सुरू झाली. चाचांचं नाव आलं, त्यांच्या वडिलांचं आलं, मग सगळे आमीन म्हणाले. मी पडवीत, गालिच्याच्या कडेला उभा होतो. आत शिरून एक नाव सांगायला दहा पावलं होती. जेवणाची पंगत बसेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.